जुन्या स्वयंचलित मोटारीतील घरगुती पॅडल शिफ्टर : रचना, उपयोग व मर्यादा (गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील वाहने 'एमएच ३५' या क्रमांकाने नोंदविली जातात. धानाची शेती, राईस मिल आणि तलाव यांच्या या जिल्ह्यात रस्त्यावर आजही ट्रॅक्टर-ट्रॉली, मालवाहू गाड्या व दुचाकी यांचेच प्राबल्य आहे. स्वयंचलित गिअरची मोटार ही येथे दीर्घकाळ अपूर्वाईची वस्तू होती. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ या लहान मोटारीत 'ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन' म्हणजेच एएमटी ही पद्धती आणली आणि ही सोय मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली. त्या पहिल्या पिढीतील गाड्या आता दहा वर्षांहून अधिक जुन्या झाल्या असून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाऊ लागल्या आहेत. त्याहूनही जुन्या, टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्या मोठ्या शहरांच्या सेकंड हँड बाजारात नव्या गाडीच्या तुलनेत बऱ्याच स्वस्त मिळतात.

अशी गाडी घेतलेल्या मालकाला लवकरच एक उणीव जाणवते. गाडी आपल्या मर्जीने गिअर बदलते. चालकाच्या मर्जीने नव्हे. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीमागून पुढे निघताना वा उतारावरून गाडी खाली आणताना गिअर आपल्या हाती असावा असे वाटते. नव्या महागड्या गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात. उजवे ओढले की गिअर वर, डावे ओढले की खाली. हीच ती पॅडल शिफ्टर. येथील 'पॅडल' हा शब्द सायकलच्या पेडलशी संबंधित नाही. वल्ह्याच्या पात्यासारखा आकार असल्यामुळे हे नाव रूढ झाले आहे. दोन स्विच, काही मीटर वायर आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा एवढ्या साहित्यात हे काम घरी होऊ शकते, असा बऱ्याच हौशी मंडळींचा समज आहे. काही गाड्यांबाबत तो खरा आहे, काही गाड्यांबाबत अर्धाच खरा आहे आणि काही गाड्यांबाबत तो जिवावर बेतणारा आहे. हा भेद कोठे पडतो याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पूर्वपीठिका

पॅडल शिफ्टरचा उगम शर्यतीच्या मैदानावर झाला. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने आखलेली फेरारी ६४० ही फॉर्म्युला वन मोटार १९८९ च्या मोसमात उतरली. तिच्या स्टिअरिंगमागील पात्यांनी गिअर बदलत असे. ही यंत्रणा नवखी असल्यामुळे तिच्या टिकाऊपणाविषयी शंका होती. तथापि रिओ येथील मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल याने याच गाडीवर विजय मिळविला. १९९७ मध्ये फेरारीने ही पद्धती एफ३५५ या रस्त्यावरील गाडीत आणली. पुढे ती सामान्य स्वयंचलित गाड्यांत उतरली, पण तेथे तिचा अर्थ बदलला. शर्यतीच्या गाडीत पाते ओढताच हायड्रॉलिक यंत्रणा गिअर व क्लच प्रत्यक्ष हलवीत असे. सामान्य स्वयंचलित गाडीतील पाते हे केवळ संगणकाकडे पाठविलेले विनंतीपत्र असते.

घरगुती बनावटीची पॅडल शिफ्टर पाहावयाची असेल तर महाराष्ट्रात त्याची उदाहरणे अभियांत्रिकी महाविद्यालयांत आढळतात. सुप्रा, फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांचे चमू लहान शर्यतगाड्या बांधतात. त्यासाठी पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होणारे केटीएम ३९० मोटारसायकलचे इंजिन अनेक चमूंनी निवडले आहे. मोटारसायकलचा गिअरबॉक्स क्रमवार असतो. पायाने दाबावयाच्या खटक्याच्या जागी हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर अथवा विद्युत ॲक्च्युएटर बसविला आणि त्याला स्टिअरिंगमागील स्विच जोडले की झाले. वरचा गिअर पडताना एका क्षणासाठी इंजिनाची ठिणगी तोडली जाते, म्हणजे दातांवरील ताण सुटून गिअर अलगद सरकतो. हे काम विद्यार्थी स्वतः करतात आणि ते उत्तम चालते. मात्र त्यांच्या गाडीवर शर्यतीपूर्वी तांत्रिक तपासणी होते व ती सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. त्यांच्या यशावरून घरच्या जुन्या सेडानविषयी अनुमान काढणे योग्य ठरणार नाही, कारण त्या दोन यंत्रांत नावापलीकडे फारसे साम्य नाही.

स्वयंचलित गिअरबॉक्सचा निर्णय

परंपरागत स्वयंचलित गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे ठेवून त्यात तेल भरले आणि एक पंखा फिरविला तर तेलाच्या प्रवाहाने दुसराही फिरू लागतो. हे त्याचे मूळ तत्त्व. त्यामागे सूर्य-ग्रह गिअरमाला असते. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडे. यांपैकी कोणता भाग धरून ठेवला आणि कोणता मोकळा सोडला यावर गिअरचे गुणोत्तर ठरते. धरण्या-सोडण्याचे काम तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या आणि ब्रेकपट्टे करतात, आणि त्यांना तेलाचा दाब कोठे पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवितो.

फार जुन्या गाड्यांत हा निर्णय संपूर्णपणे तेलाच्या दाबावर होत असे. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा एक दाब आणि ॲक्सिलरेटरच्या केबलने नियंत्रित होणारा दुसरा दाब यांची व्हॉल्व्हमध्ये रस्सीखेच होई. जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर पडे. १९८० च्या दशकापासून हे काम विद्युत सोलेनॉइड आणि त्यांना आज्ञा देणारा संगणक यांच्याकडे आले. टोयोटाच्या मागील चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत वापरला गेलेला, आयसिन-वॉर्नर बनावटीचा ए३४० हा चार गिअरचा संच उदाहरणादाखल घेता येईल. त्यात गिअर निवडणारे सोलेनॉइड फक्त दोन आहेत. पहिल्या गिअरला पहिला चालू व दुसरा बंद. दुसऱ्या गिअरला दोन्ही चालू. तिसऱ्याला पहिला बंद व दुसरा चालू. चौथ्याला दोन्ही बंद. लिव्हर 'डी' स्थितीत असताना विद्युतपुरवठा तुटला तर दोन्ही बंद पडून गाडी चौथ्यात जाते. इंजिन बेफाम फिरू नये म्हणून रचनाकारांनी ही दिशा मुद्दाम ठेवलेली दिसते.

हौशी कारागिराला मोह पडतो तो येथेच. दोन सोलेनॉइड, चार स्थिती, दोन स्विच. आर्डुइनोसारखे स्वस्त नियंत्रक कार्ड घेऊन हे कोष्टक त्यात लिहिणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही अवघड नाही. परंतु मूळ संगणक केवळ गिअर निवडीत नाही. तो तेलाचा दाब ठरवितो, कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच केव्हा धरायचा हे पाहतो, इंजिनाच्या संगणकाला क्षणभर शक्ती कमी करण्यास सांगतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अविचारी मागणी नाकारतो.

या नकाराचे मोल आकड्यांनी स्पष्ट होईल. समजा गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे २.८०, १.५३, १.०० व ०.७० आहेत, अंतिम गुणोत्तर ४.१ आहे आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते. तेव्हा चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे सुमारे १,९१०, तिसऱ्यात २,७३०, दुसऱ्यात ४,१८० आणि पहिल्यात ७,६५० होतात. सामान्य पेट्रोल इंजिनाची मर्यादा सहा-साडेसहा हजारांच्या आसपास असते आणि डिझेलची त्याहूनही कमी. घाईत डावे पाते एकदा जास्त ओढले गेले आणि नियंत्रकाने ते निमूटपणे मानले, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरविण्याचा प्रयत्न करतील. मग क्लच जळेल, व्हॉल्व्ह वाकतील अथवा ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरतील. मूळ संगणक अशी मागणी ऐकत नाही. घरी लिहिलेल्या आज्ञावलीत वेगाचे सेन्सर वाचून नकार देण्याची सोय नसेल, तर ते पॅडल शिफ्टर बसवू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

गाडीगणिक कामाचे स्वरूप

सर्वांत सोपे काम त्या गाड्यांचे, ज्यांच्या लिव्हरला मुळातच अधिक व उणे अशी खाच आहे. सेलेरिओसारख्या एएमटी गाड्यांत आणि २००० नंतरच्या कित्येक टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत ती असते. लिव्हर बाजूच्या खाचेत नेली की संगणकाला 'चालक स्वतः गिअर निवडणार' असा संकेत मिळतो. पुढे वा मागे टेकविली की अधिक अथवा उणे असा दुसरा संकेत जातो. ज्या गाडीत हे संकेत साध्या स्विचने जातात, तेथे त्या स्विचला समांतर दुसरा स्विच जोडून तो स्टिअरिंगजवळ आणला की पॅडल शिफ्टर तयार होते. संगणकाला विनंती लिव्हरकडून आली की पात्याकडून, हे कळतही नाही. त्याचे सर्व नकार शाबूत राहतात.

मात्र प्रत्येक लिव्हर साध्या स्विचची नसते. काहींत एकाच वायरवर निरनिराळ्या रोधांनी अधिक-उणे ओळखले जाते. तेथे मल्टिमीटरने रोध मोजून नेमका तेवढाच रोध पात्याच्या स्विचबरोबर द्यावा लागतो. काहींत चुंबकीय सेन्सर असतात, आणि अलीकडच्या गाड्यांत लिव्हर स्वतःच अंकीय संदेश पाठविते. अशा ठिकाणी वायरला वायर जोडून काही साध्य होत नाही. उलट संगणकाला विसंगत संकेत मिळून तो गाडीला आपत्कालीन एकाच गिअरमध्ये अडकवितो.

ज्या गाडीत खाच नाही पण सोलेनॉइड आहेत, तेथे मूळ संगणकाला बाजूला सारून स्वतःचा नियंत्रक मध्ये घालावा लागतो. त्याविषयी वर लिहिले आहे आणि पुढील विभागात आणखी लिहावयाचे आहे. संपूर्ण तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गाडीत पॅडल बसविणे म्हणजे लिव्हरची केबल ओढणारी मोटार बसविणे होय; चुकून 'एन' वा 'आर' स्थिती ओलांडण्याचा धोका पाहता हा उपद्व्याप न केलेलाच बरा. सीव्हीटी पद्धतीत तर ठरावीक गिअरच नसतात. पट्टा दोन कप्प्यांमधून कमी-अधिक उंचीवर सरकत राहतो. आपल्याकडे १९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने हे तत्त्व घरोघरी पोहोचविले. निर्मात्याने काल्पनिक पायऱ्या आखून दिल्या नसतील तर पात्याने मागावयाचे काय, हाच प्रश्न उरतो.

उतारावरील भ्रम

गोंदिया जिल्ह्याचा बराच भाग सपाट आहे. गोंदियाहून तिरोडा वा आमगावकडे जाताना पॅडल शिफ्टरची खरी गरज क्वचितच भासेल. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले धान आणि त्यावर राखणीला बसलेली माणसे पाहता तेथे गिअरपेक्षा संयम अधिक कामाचा. परंतु सालेकसा तालुक्यात दरेकसा व हाजरा धबधब्याकडील भाग, देवरी-चिचगडचा डोंगराळ प्रदेश, आणि शेजारच्या मध्य प्रदेशात बालाघाटहून बैहरकडे चढणारा गांगुलपाऱ्याचा घाट येथे चढ-उतार व वळणे आहेत. जिल्ह्यातील कुटुंबे चिखलदरा वा पचमढीलाही जातात. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये धरून इंजिनाच्या अवरोधाने वेग रोखणे ही प्रत्येक जाणत्या चालकाची सवय असते, आणि पॅडल शिफ्टरच्या बाजूने दिले जाणारे सर्वांत वजनदार कारण हेच आहे.

हे कारण पोकळ नाही. १,२०० किलो वजनाची गाडी सहा टक्के उतारावरून ताशी ४० किलोमीटर वेगाने खाली येत असेल, तर गुरुत्वाकर्षण तिला जवळजवळ ७.८ किलोवॉट शक्तीने ढकलत असते. दोन किलोमीटरच्या अशा उतारावर एकूण सुमारे १४ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. चाकांचे घर्षण व हवेचा रोध त्यातील काही भाग घेतात. उरलेली ऊर्जा एकट्या ब्रेकने घेतली तर डिस्क व पॅड तापतात. ब्रेक ऑइल जुने व ओल धरलेले असेल तर त्याला उकळी फुटून पेडल एकाएकी पोकळ लागते. यालाच चालक 'ब्रेक गेला' म्हणतात. इंजिनाने वाटा उचलला तर हा प्रसंग टळतो.

आता जुन्या गिअरबॉक्सच्या पोटात डोकावून पाहू. सायकलच्या मागील चाकात फ्रीव्हील असते. पेडल मारले की त्यातील कुत्रे दात धरतात आणि चाक फिरते. पेडल थांबविले तरी चाक मोकळेपणाने फिरत राहते. नेमके असेच एकदिशा क्लच स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये असतात. गिअर बदलताना धक्का बसू नये म्हणून निर्मात्यांनी ते योजले. इंजिन चाकाला ढकलत असते तेव्हा ते घट्ट धरतात; चाक इंजिनाला ढकलू लागले की ते सुटतात. वर उल्लेखिलेल्या संचासह अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये 'डी' स्थितीतील पहिला व दुसरा गिअर अशा एकदिशा क्लचच्या आधारे चालतो. उतारावर इंजिनाचा अवरोध मिळावा म्हणून त्या क्लचला बगल देणारा निराळा ब्रेकपट्टा आत असतो; परंतु त्याला तेलाचा दाब तेव्हाच पोहोचतो जेव्हा चालक लिव्हर हाताने '२' अथवा 'एल' वर आणतो. तो मार्ग सोलेनॉइड उघडीत नाही. तो लिव्हरला केबलने जोडलेला हातव्हॉल्व्ह उघडतो.

याचा परिणाम असा की घरगुती नियंत्रकाने 'डी' मध्येच सोलेनॉइड चालवून दुसरा गिअर पाडला, डॅशबोर्डवरील लहान पडद्यावर २ हा आकडाही उमटला, तरी उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच ती गाडी सायकलसारखी मोकळी धावते. चढावर दुसरा गिअर खरा आणि उतारावर खोटा! सपाट रस्त्यावर चाचणी घेणाऱ्याला ही गोष्ट सहज लक्षात येत नाही, कारण तेथे वेग वाढविताना सर्व काही अपेक्षेप्रमाणे घडते. गिअरने गाडी धरली आहे या विश्वासाने चालक वळणापूर्वी ब्रेक उशिरा दाबतो, आणि ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला त्याच कामात यंत्र दगा देते. अशा गाडीच्या मालकाने उतार सुरू होण्यापूर्वी लिव्हर '२' वर घ्यावी. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. निर्मात्याने केलेली ती सोय आपण विसरलेलो असतो एवढेच.

एएमटीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात साधा गिअरबॉक्स व कोरडा क्लचच असतो. तो दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्राकडे असते. एकदिशा क्लच नसल्यामुळे दुसऱ्यात धरलेली एएमटी गाडी उतारावर खरोखरच धरली जाते. शिवाय गिअर बदलताना क्लच सुटल्यामुळे एएमटीत जो क्षणभर खंड पडतो, तो चालकाला पात्याच्या साहाय्याने आधीच उरकून घेता येतो. ट्रॉलीच्या मागून बाहेर पडण्यापूर्वी तिसरा पाडून ठेवला की समोरून येणाऱ्या वाहनासमोर गाडी अडखळत नाही. म्हणून या जिल्ह्यात घरगुती पॅडल शिफ्टरला खरोखर जागा असेल तर ती साधे स्विच असलेल्या एएमटी गाडीत आहे. जुन्या आलिशान सेडानमध्ये नाही. हौस नेमकी उलट्या बाजूला धावते, हा भाग वेगळा.

जोडणी

पाती कोठे बसवायची हा पहिला प्रश्न. स्टिअरिंगच्या चाकावर बसविली तर ती चाकाबरोबर फिरतात आणि वायर चाकातून स्तंभात न्यावी लागते. त्यासाठी आत फितीची एक गुंडाळी असते. हॉर्न व एअरबॅग यांचे संकेत तिच्यातून जातात. तिच्यात रिकामी वायर शिल्लक असेल तर ठीक. नसेल तर वरून सुटी वायर गुंडाळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दोन-तीन पूर्ण फेऱ्यांत ती तुटते किंवा अडकते, आणि स्टिअरिंग अडकणे म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. चाकावर बिनतारी बटणे लावण्याचे संचही मिळतात, परंतु त्यांतील नाण्याएवढी बॅटरी कधी संपेल याचा भरवसा नसतो.

स्तंभावर बसविलेली स्थिर पाती हा घरगुती कामासाठी उत्तम मार्ग होय. वायर फिरत नाही, चाकाला हात लावावा लागत नाही, एअरबॅगला स्पर्श होत नाही. वळण घेताना हात पात्यापासून दूर जातो ही त्यातील गैरसोय आहे. पण ऐन वळणात गिअर बदलू नये हा नियम पाळणाऱ्याला ती गैरसोय वाटणार नाही. पिवळ्या रंगाचे जोड एअरबॅगच्या मंडलाचे असतात. २०१९ नंतरच्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची असल्यामुळे, आणि त्यापूर्वीच्याही अनेक गाड्यांत ती असल्यामुळे, स्तंभाचे आवरण उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबणे बंधनकारक समजावे. त्या मंडलात मल्टिमीटरही लावू नये.

पात्यासाठी तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअम पत्रा पुरतो. कडा घासून गोल कराव्यात, कारण अपघातात तीच कड बोटांवर येते. स्विच क्षणिक संपर्काचा, दाबताना स्पष्ट खटका देणारा असावा. इंडिकेटर व वायपरच्या दांड्यांशी पात्याची गल्लत होणार नाही एवढे अंतर हवे. मूळ वायर कापू नये. लिव्हरखालील जोडाला तसाच दुसरा जोड मिळवून मध्ये लहान दुवा तयार करावा, म्हणजे गाडी पूर्ववत करणे एका संध्याकाळचे काम राहते. जोड क्रिंप करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. केवळ पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्या बाजारातील पद्धत पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात टिकत नाही. धानाच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार करावा. वायरवर कडक नळी चढविणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

काम झाल्यावर गाडी उभी असताना व नंतर मोकळ्या मैदानात कमी वेगाने चाचणी घ्यावी. दोन्ही पाती एकाच वेळी दाबली तर काय होते, एक पाते दाबलेलेच राहिले तर काय होते, वेगात असताना खालचा गिअर दोनदा मागितला तर संगणक नकार देतो की नाही, हे तपासावे. उतारावरील चाचणी रिकाम्या, सौम्य उतारावर, ब्रेकवर पाय ठेवूनच घ्यावी. आणखी एक गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांविषयी. पारा ४५ अंशांजवळ पोहोचतो अशा मे महिन्यात गाडी विनाकारण खालच्या गिअरमध्ये धरली तर कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. जळकट वास येणारे, काळपट पडलेले तेल असलेल्या गाडीत प्रथम तेलाकडे पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ समाविष्ट झाले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. दुसरीकडे, कलम ५२ च्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. समांतर जोडलेले दोन स्विच या व्याख्येत बसतात असे म्हणणे कठीण आहे. परंतु स्टिअरिंगचे चाकच बदलणे, एअरबॅग काढणे अथवा गिअरचा मूळ संगणक वगळणे यांविषयी तसे खात्रीने म्हणता येणार नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रश्न विचारील तो याच वायरींविषयी. म्हणून काम करण्यापूर्वी गोंदियाच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीला कळविणे हिताचे ठरते.

डाव्या हाताचा प्रश्न

आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे गिअरची लिव्हर डाव्या हाताच्या वाट्याला येते. अर्धांगवायू, अपघात अथवा जन्मजात दोष यांमुळे ज्याचा डावा हात दुबळा आहे अशा व्यक्तीसाठी स्वयंचलित गाडी हा मोठा आधार आहे, आणि पॅडल शिफ्टरचा विचार हौसेपलीकडे जातो तो येथे. उजव्या हाताच्या बोटांनीच वर-खाली दोन्ही गिअर मागता येतील अशी दोन बटणे स्तंभाच्या एकाच बाजूस बसविणे समांतर स्विचच्या पद्धतीत सहज शक्य आहे. कारखान्यात बनलेल्या गाडीत अशी मांडणी सहसा मिळत नाही. घरगुती कामाचा हा एक खरा लाभ म्हणता येईल.

तरीही त्याची सीमा ओळखली पाहिजे. पॅडलला 'पी', 'आर', 'एन' व 'डी' या स्थिती बदलता येत नाहीत. गाडी सुरू करणे, मागे घेणे व उभी करणे यांसाठी लिव्हर लागतेच. ब्रेक दाबून उजवा हात पलीकडे नेऊन ती हलवावी लागते. खाचेच्या गाडीत तर चालकाला गिअर स्वतः निवडण्यासाठी प्रथम लिव्हर बाजूला न्यावी लागते. हा संकेतही एका स्वतंत्र स्विचने देता येतो, पण मग लिव्हर 'डी' मध्ये असताना संगणक तो मानतो की नाही हे त्या त्या गाडीत पाहावे लागते.

दिव्यांग व्यक्तीसाठी कायद्याने स्वतंत्र वाट ठेवली आहे. 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा अधिनियमात असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ५२ प्रमाणे मालकास वाहनात तसा बदल करून नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता नंतर घेता येते. तेव्हा अशा चालकाने काम कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले तरी त्याची नोंद मात्र नोंदणीपत्रावर करून घ्यावी, आणि वाहन चालविण्याचा परवानाही त्या अनुकूलित गाडीसाठी आहे याची खात्री करावी. कारागिराकडून वायरींचा साधा आराखडा कागदावर लिहून घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. पुढे दुरुस्तीसाठी गाडी नागपूर वा रायपूरच्या गॅरेजमध्ये गेली तर तेथील माणसाला कोणती वायर मूळची व कोणती नंतरची हे त्यावरून कळेल.